चौदाव्या होलचा आकडा

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. दिगूस,

आशीर्वाद हायेतच, त्याला तिकीट लागत न्हाय.

फोन करू नकोस म्हणून कितीदा सांगायचं? बत्तीस वर्षं कबड्डीच्या मैदानावर शिट्टी फुंकून माझे कान गेले. तू तिकडून ओरडतोस, मी हितं 'काय? काय?' करतो, आणि तुझी आई मधल्यामधी रडायला लागते. पत्र लिही. मी बोलतो तसंच लिहितो, शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुझ्या आईनं, वच्छलानं, काल मला तुझा गोल्फ दाखवला, शेजारच्या माहेनूर बाईंच्या मोबाईलवर. अर्धा तास बघितला. एक माणूस काठी घेऊन उभा राहिला. मागं सरला. बूड हलवलं. गवताची काडी उडवून वारा बघितला. परत उभा राहिला. चेंडू आपला जिथल्या तिथं! अरे, तो चेंडू पळत न्हाय, चावत न्हाय, अंगावर येत न्हाय. पडलेल्या वस्तूला मारायला चौदा काठ्या, आणि त्या उचलायला पगारी माणूस? आमच्या खेळाला काय लागतं? चड्डी आणि छाती. टाळ्या तर अशा वाजवतात की कुणाचं तान्हं बाळ निजलंय. ह्याला खेळ म्हणायचं असंल तर माझ्या सकाळच्या फिरण्याला बी कप द्या.

तुझा बाप पुण्याच्या त्या मैदानावर माळी होता. जन्मभर गवत कापलं बिचाऱ्यानं. त्याच गवतावर पोरगं खेळतंय ह्याचं वच्छलाला लई अप्रूप, मला न्हाय. तू एकोणतीस वर्षांचा झालास. तवा ठरलंय ते लिहून ठेवतो. हा एकच मोसम. तुमच्या विभागीय टूरच्या तक्त्यात वर्षाअखेर पहिल्या चाळिसात आलास तर पुढच्या वर्षी टूरवर खेळायचं कार्ड तुझं, आणि मी तोंड मिटीन. एकेचाळिसावा आलास तर सोलापूर. माझा दोस्त अमरेश, त्याच्या शाळेतले खेळाचे मास्तर पुढच्या वर्षी जूनला रिटायर होतायत. त्या जागेसाठी मी शब्द टाकून ठेवलाय.

रावजी मामा


बेळगाव
१० मार्च

मामा,

नमस्कार. साष्टांग नाही घालत, कंबर धरली आहे. हो, तेच तुमचं बूड हलवणं. एकदा हातात काठी घेऊन उभे राहा, मग कळेल पडलेला चेंडू किती चावतो ते.

पहिल्या स्पर्धेत तेविसावा आलो. चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे. दोन दिवसांनी निम्म्या लोकांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. मला पाठवलं नाही, एवढं आईला सांगा.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, पंच कुठे असतो? पंच नसतो मामा. म्हणजे नियमांची कमिटी असते, पण ती कुठेतरी छत्रीखाली. फटके आपले आपण मोजायचे. माझं फटक्यांचं कार्ड माझ्यासोबत खेळणारा लिहितो, त्याचं मी. शेवटी तंबूत बसून आकडे वाचायचे, दोघांनी सह्या करायच्या, कार्ड द्यायचं. सही केल्यावर कार्डावर खऱ्यापेक्षा एक फटका जरी कमी निघाला, तरी ज्याचं कार्ड तो बाद. लिहिताना कोण चुकलं ते विचारत नाहीत, सही तुमची ना?

माझ्याबरोबर इंद्रजीत म्हणून एक नग आहे. एकेचाळीस वर्षांचा. वडील कर्नल होते हे पहिल्या होलवर सांगतो आणि अठराव्यावर परत सांगतो. पुण्याच्या बाबांच्या मैदानाचा जुना मेंबर, त्यामुळे बाबा काय करायचे ते त्याला ठाऊक. मला 'माळीबुवा' म्हणतो, सगळ्यांदेखत. कार्ड वाचतसुद्धा नाही. 'बेरजा कारकुनांनी करायच्या,' म्हणतो आणि सही ठोकतो. असल्या माणसाबरोबर चार-चार तास चालायचं. छातीच लागते त्यालाही.

दिगू


सोलापूर
२ एप्रिल

चि. दिगू,

पत्र दोनदा वाचलं, मग तांब्याभर पाणी प्यालो. पंच न्हाय! मग मी बत्तीस वर्षं काय झक मारली? ज्यानं हा कारभार काढला त्यानं माणूस कधी जवळून बघितलेला न्हाय.

मंद्रूपला जत्रेच्या फायनलला मी गावच्याच पोराला बाद दिलं होतं. पाय रेषेवर पडलेला मी बघितला. पडला म्हणजे पडला. पब्लिक मैदानात घुसलं, माझा चष्मा फोडला. स्पर्धेचे अध्यक्ष गुरुशांत पाटील कानाशी आले, म्हणाले, मास्तर, निर्णय फिरवा आणि जीव वाचवा. मी तसाच उभा राहिलो. न्हाय फिरवला. शेवटी मला मोटारसायकलवर घालून गावाबाहेर काढलं. ह्याला म्हणायचं खेळ. तुमच्यात काय, तर सही! बँकेत बसल्यासारखं.

तो कर्नलचा पोरगा माळीबुवा म्हणतो तर म्हणू दे की. माळी होता तुझा बाप. त्यात लाजायचं काय? आणि सही करताना वाचत न्हाय म्हणजे तर तो बावळटच हाय. असल्या बावळटाच्या मागं पडलास तर मला तोंड दाखवू नकोस.

वच्छलानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवलीय. क्लबातल्या लोकांना वाटत बसू नकोस, त्यांना ठसका लागंल.

मामा


कोइमतूर
२१ जून

मामा,

सलग तीन स्पर्धांत कट हुकला. मोसमाच्या तक्त्यात एकावन्नावा आहे. तुम्हाला आनंद झाला असेल.

काल काय झालं सांगतो. दहाव्या होलवर क्लबच्या तीन बायका छत्रीखाली बसल्या होत्या. मी पाणी प्यायला थांबलो. त्यातली एक मला म्हणाली, दोन लिंबूपाणी, एकात साखर नको. मी आणून दिलं. पुढच्या होलवर त्यांच्यासमोर बर्डी मारली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. टाळी नाही. हातात ग्लास होते ना.

हे लोक असे आहेत मामा. खेळाचं त्यांना काही पडलेलं नाही. बूट कुठले, गाडी कुठली, बाप कोण. इंद्रजीतला ते लांबून हात करतात. तो तक्त्यात छत्तिसावा आहे आणि माझ्यापेक्षा चांगला खेळत नाही, अजिबात नाही. 'माळीबुवा, दम धरा,' म्हणाला काल पाठीवर थाप मारून. मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला.

दिगू


सोलापूर
९ जुलै

चि. दिगू,

तुझ्या गुणांकडं माझं लक्ष न्हाय, हे आधी सांगतो. माहेनूर बाई शाळेतून आल्या की मोबाईल उघडून बसतात आणि मला मोठ्या अक्षरात वहीवर लिहून देतात, त्याला मी काय करू? कोइमतूरला बहात्तर फटके, मग सत्त्याहत्तर. दोन्ही दिवशी शेवटच्या चार होलांत घाण केलीस. शेवटच्या चारातच का? दम संपतोय. सकाळी पळ. तुमच्या खेळात पळायला मनाई असंल तर अंधारात पळ.

आणि लिंबूपाणी का आणून दिलंस? 'बाई, मी खेळाडू हाय' एवढं म्हणायला काय जीभ झडली होती? त्यांनी तुला वेटर समजलं ही त्यांची अक्कल. तू ट्रे उचललास ही तुझी. मनात शिव्या आणि हातात ट्रे, हे मला पटत न्हाय.

अमरेश भेटला होता. जागेला सतरा अर्ज आलेत म्हणाला. मी म्हणालो डिसेंबरपर्यंत थांब. थांबतोय तो, माझ्या तोंडाकडं बघून.

मामा


नाशिक
२५ नोव्हेंबर

मामा,

रोज सकाळी पळतो. कुणाच्या सांगण्यावरून ते विचारू नका.

बेचाळिसावा आहे. इंद्रजीत घसरत एकोणचाळीसवर आलाय. आता एकच स्पर्धा, पुण्याला, बाबांच्या मैदानावर. तिथला प्रत्येक उतार मला पाठ आहे, लहानपणी त्यांच्यामागे पाण्याचा पाइप ओढत फिरलोय. मला हे कार्ड पाहिजे मामा. तुमच्या त्या शाळेच्या मैदानावर पोरांची रांग लावत उभं राहायचं म्हटलं की माझी झोप उडते. राग मानू नका. मानला तरी चालेल.

दिगू


पुणे
७ डिसेंबर

मामा,

कार्ड मिळालं! चाळिसावा!

आता कसं ते ऐका. शेवटच्या दिवशी नशिबाने इंद्रजीतच बरोबर. त्याचं कार्ड माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. सकाळपासून माळीबुवा हे, माळीबुवा ते. चौदाव्या होलवर त्याचा चेंडू वाळूत गेला, एका फटक्यात निघाला नाही, दोन लागले. त्याचे सहा झाले. माझ्या हातून कार्डावर पाच लिहिले गेले. गडबड होती, माझाच चेंडू झाडामागे अडकला होता. शेवटी तंबूत त्याने नेहमीसारखी न वाचता सही ठोकली. बोर्डावर मोसमाचा तक्ता लागला. इंद्रजीत चाळिसावा, मी एकेचाळिसावा. चहा घेऊन बसलो, एकेक होल आठवत गेलो, आणि चौदाव्यावर अडखळलो. अरे, तिथे सहा होते! बक्षीस समारंभाला वीस मिनिटं राहिली होती. तडक कमिटीकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, हो, सहाच. झालं. बाद. त्या स्पर्धेचे सगळे गुण गेले, तो तक्त्यात बराच खाली गेला, आणि मी एक पायरी वर.

वाचायचा कंटाळा ना साहेबांना? भोगा मग. वर ऐट बघा. माझा हात हातात घेऊन म्हणतो, 'सही माझी, चूक माझी. कार्ड जप.' मग गाडीची डिकी उघडून त्यात अर्धा तास बसला होता, एक बूट पायात आणि एक हातात. त्याची बायको हेमावती आली आणि घेऊन गेली.

तर मामा, तोंड मिटायचं ठरलंय तुमचं. आईला सांगा, जानेवारीपासून परत टूर.

दिगू


सोलापूर
१२ डिसेंबर

चि. दिगू,

वच्छलानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मी माझा खाल्ला न्हाय, ताटलीत ठेवलाय.

बाद देताना पंचानं पहिलं बघायचं ते 'कधी'. तू लिहितोस, चौदाव्याला गडबड होती, चेंडू झाडामागं अडकला होता. माहेनूर बाईंच्या वहीत चौदाव्याला तुझे चार हायेत. ठरल्याएवढेच. झाडामागं अडकलेल्या माणसाचे चार कसे झाले?

दुसरं. आठवण आली ती बोर्ड बघितल्यावर. बोर्ड लागायच्या आधी तू तंबूत बसलेला होतास की. तवा नव्हती आली? ते कार्ड तूच लिहिलंस, तूच त्याच्यावर सही केलीस, आणि तू तर वाचणारा माणूस.

मला गोल्फ कळत न्हाय. माणूस कळतो. एका ओळीत उत्तर दे. पाच हा आकडा चुकलाय, हे तुला कधी समजलं?

मामा


पुणे
१७ डिसेंबर

मामा,

एका ओळीत. पंधराव्या होलवर.

आता बाकीचं. लिहिताना खरोखर चूक झाली, आईची शपथ. झाड वगैरे काही नव्हतं, मी खुशीत होतो इतकंच. पंधराव्यावर आकडा टाकायला कार्ड काढलं तेव्हा वरचा पाच दिसला. रबर खिशात होतं. तेवढ्यात तो म्हणाला, 'माळीबुवा, माझी बॅग जरा बाजूला घ्या.' मी घेतली. आणि पेन्सिल खिशात टाकली. मनात म्हटलं, मी कारकून ना, मग तू वाच. एकदा तरी मान खाली घालून वाच.

तंबूत तो सही करत होता तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होतो. त्याने वाचलं असतं तर मी सुटलो असतो. नाही वाचलं. मग माझीही सही केली. बोर्डावर तो माझ्या खाली असता तर मी तोंड उघडलंच नसतं, हेही लिहून टाकतो, कारण तुम्ही ते विचारणारच.

तो काहीतरी बोलेल, आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. 'चूक माझी' म्हणाला हो तो. दहा दिवस ते कानातून जात नाही.

नियम असा आहे की चुकीच्या कार्डावर समजून-उमजून सही करणारा लिहिणाराही बाद. म्हणजे मी. कळलं तर कार्ड जाईल, वर बंदी येईल. पण हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका, पाया पडतो. आईने पेढे वाटलेत. आणि नाहीतरी तुम्हाला हा खेळच वाटत नाही, मग कशाला एवढं मनावर घेता?

दिगू


सोलापूर
२१ डिसेंबर

दिग्विजय,

वर्षभर मी तुझ्या खेळाला नावं ठेवली. ती तोंडाची सवय होती. गल्लीत मी तुझे आकडे सांगत फिरायचो, वच्छलाला विचार. आज जे लिहितोय ते सवयीनं न्हाय.

मला किळस आली. माझ्या मैदानावर पोरांनी एकमेकांच्या बरगड्या मोडलेल्या मी बघितल्या, पण समोरून. तू पेन्सिल खिशात घालून एका माणसाचं वर्ष खाल्लंस आणि वर मला हसत पत्र लिहिलंस. तो बूट हातात घेऊन बसला ते सुद्धा मजेनं लिहिलंस. तो उर्मट असंल, बापाची कर्नलकी मिरवत असंल. पण विचारल्यावर 'सहाच' म्हणाला. त्याला पाच म्हणता आलं असतं की! तुमच्यात पंच न्हाय. तितं तो स्वतःचा पंच झाला आणि तू झाला न्हाईस.

कमिटीला मी कळवणार न्हाय. माझं काम न्हाय ते. अमरेशला मात्र उद्या सांगणार, ती जागा दुसऱ्या कुणाला दे. शिट्टी घेऊन पोरांपुढं उभं राहायची तुझी लायकी न्हाय. म्हणजे आता तुझ्याकडं ते कार्ड तेवढं राहिलं. ठेवायचं असंल तर खुशाल ठेव. पण ठेवलंस तर मला परत पत्र लिहू नकोस. पोस्टमनकडून मी ते परत पाठवीन.

रावजी


पुणे
२८ डिसेंबर

मामा,

हे पत्र परत पाठवू नका.

शुक्रवारी कमिटीकडे गेलो. कागदावर सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली, वाचून. तिघं जण होते. एकाने विचारलं, कुणी तक्रार केली का? म्हटलं नाही. मग तुम्ही का आलात? मी कागद पुढे सरकवला. कार्ड काढून घेतलं, एक वर्ष खेळायचं नाही. इंद्रजीतला काही परत मिळत नाही, त्याच्या सहीवर चुकीचा आकडा होता तो होताच. माझी जागा माझ्या पाठोपाठच्या माणसाला गेली, कुमार म्हणून एक पोरगा आहे. त्याचा फोन आला होता, आभार मानत होता. त्याला काही माहीतच नाही.

मग इंद्रजीतच्या घरी गेलो. दारातच सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने दार अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाला, 'माळीबुवा आम्ही तुझ्या वडिलांना म्हणायचो. मैदानावर त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं, आमचे कर्नलसाहेबसुद्धा. तुला आता त्या नावानं हाक मारणार नाही.' आणि दार लावलं.

मी वर्षभर ती शिवी समजत होतो मामा.

जागेचं विचारत नाही. विचारण्यासारखं तोंड नाही.

दिगू


सोलापूर
३१ डिसेंबर

चि. दिगूस,

पत्र मिळालं. ठेवून घेतलं.

कार्ड गेलं ते बरं झालं, असं मी म्हणणार न्हाय. तुला ते किती पायजे होतं ते मला ठाऊक हाय. उशिरा गेलास, माझ्या शिव्या खाऊन गेलास, पण गेलास. बत्तीस वर्षांत एक बी खेळाडू आपणहून माझ्याकडं येऊन 'मास्तर, माझा पाय पडला होता' असं म्हणाला न्हाय. म्हणून अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत न्हाय.

अमरेशची जागा गेली. ती परत मागू नकोस, मी बी मागणार न्हाय. काय करायचं ते हितं आल्यावर बघू.

वच्छलाला अजून काही माहीत न्हाय. जानेवारीत पोरगा थंडीत खेळणार म्हणून तिनं स्वेटर विणायला घेतलाय, एक बाही झालीय. मी सांगू शकलो असतो, सांगितलं न्हाय. ते तुझ्या तोंडून यायला पायजे. सोमवारच्या गाडीनं ये. जेवणं होऊ दे, मग सांग, न्हायतर ती उपाशी राहील.

तू सांगत असताना मी शेजारी बसीन. मधी एक शब्द बोलणार न्हाय.

मामा